सुट्या पानांचा हिशेब लागत नाही

मा. संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गृहसजावटीच्या पानावर जपानमधील जुन्या हस्तलिखित हिशेबवह्यांविषयी मजकूर आला होता. या वह्यांची सुटी पाने हल्ली घरबसल्या मागवता येतात, ती चौकटीत घालून भिंतीवर लावावीत, दिव्याच्या छत्रीला चिकटवावीत किंवा लग्नपत्रिकेच्या पाकिटाला अस्तर म्हणून वापरावीत, असा त्याचा आशय होता. छायाचित्रे सुंदर होती, यात वाद नाही. परंतु ज्याची सारी नोकरी रोजकीर्द आणि खतावणी यांच्यामध्ये गेली आहे, अशा माणसाला ती पाहताना जरा कसेसेच झाले, आणि योगायोगाने अशा दोन वह्या माझ्या घरी असल्यामुळे त्यांच्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. काटछाट करावी लागलीच, तर ती माझ्या मतांत करावी, वह्यांच्या माहितीत करू नये, एवढी विनंती.

पहिली वही माझ्या मुलाने आणली. तो नोकरीनिमित्त ओसाकाला असतो. क्योटोच्या तोजी मंदिराच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला मोठा बाजार भरतो, त्यात जुन्या किमोनोंच्या ढिगाशेजारी एका फळकुटावर त्याला ती मिळाली. आपल्या वहीसारखी ती चौरस नसते. कागदाचा बंद लांबीत दुमडायचा, घडीची बाजू खाली ठेवायची, असे अनेक बंद एकावर एक रचून उजव्या टोकाला भोके पाडायची आणि दोरीने आवळायचे, अशी तिची बांधणी असते. दोरीचे टोक मुद्दाम लांब सोडलेले असते, कारण वही दुकानात खुंटीला टांगून ठेवायची. उघडायची आपल्या उलट दिशेने आणि वाचायची वरून खाली, उजवीकडून डावीकडे. मलपृष्ठावर दुकानाचे नाव आणि मुखपृष्ठावर वहीचा प्रकार, वर्ष, महिना आणि शेवटी ‘शुभ दिवस’ अशा अर्थाचे दोन शब्द. हे शेवटचे मुलाने दूरध्वनीवर सांगितले, तेव्हा मला एकदम आमच्या पेठेतली लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ आठवली, कारण कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढून ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहिल्याखेरीज जमाखर्चाचा एक आकडाही न मांडणारे व्यापारी मी पाहिले आहेत. जपानी व्यापारीही नववर्षाच्या पहिल्या महिन्यात, कुठे चौथ्या तर कुठे अकराव्या दिवशी, वर्षभराच्या नव्या वह्या बांधून त्यांच्यावर नावे घालीत आणि त्या दिवशी दुकानात खाणेपिणे करून तो सण साजरा करीत. आपले वहीपूजन त्यांनी घेतले नाही किंवा त्यांची रीत आपल्याकडे आली नाही, पण वर्षभर ज्या कागदावर विसंबायचे, त्याला आधी हात जोडावेत, हे दोन्हीकडच्या दुकानदारांना स्वतंत्रपणे सुचलेले दिसते.

या वह्यांना विक्रेते सरसकट ‘दाइफुकुचो’ म्हणतात. शब्दशः पाहिले तर ‘महाभाग्याची वही’. वास्तविक दाइफुकुचो ही अनेक वह्यांपैकी एक, आणि आपल्या भाषेत सांगायचे तर ती ग्राहकवार खतावणी होय. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावे त्याने उधार नेलेला माल मांडायचा आणि वसूल आला की ती नोंद कापायची. दिवसाच्या विक्रीची ‘तोझाचो’ म्हणजे आपली रोजकीर्द. त्याखेरीज खरेदीची वही वेगळी, रोकड आल्यागेल्याची वेगळी, पैसे पोचल्याबद्दल समोरच्याचा शिक्का घेण्याची वेगळी आणि वर्षअखेरच्या मालमोजणीची वेगळी. एखाद्या मोठ्या पेढीत अशा वह्यांची चळत असे. व्यापार मुख्यतः उधारीवर चाले आणि वसुली वर्षातून दोनदा होई, एकदा उन्हाळ्यातल्या पितरांच्या सणाला, ज्याला ते ‘बोन’ म्हणतात, आणि एकदा वर्षाच्या अखेरच्या दिवशी. १६७३ साली मित्सुई घराण्याने एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, एचिगोया हे कापडाचे दुकान उघडले आणि पुढे रोख पैसे, ठरलेला भाव, घासाघीस नाही अशी पाटी लावली, तेव्हा ती एवढी गाजली, याचे कारणच मुळी बाकी सारा बाजार उधारीच्या वहीवर उभा होता हे आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माझ्याकडची पहिली वही तोझाचो आहे, मेइजी या राजशकाच्या पाचव्या वर्षाची, म्हणजे १८७२ सालची. दुकान तेल, मीठ, शिरका आणि सोया सॉस विकणाऱ्याचे. मुलाच्या घरमालकीणबाई ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांना जुने वळण थोडेफार वाचता येते. त्यांच्या मदतीने आणि मोबाइलवरच्या एका साधनाच्या आधाराने आम्ही दोन हिवाळ्यांत ती बरीचशी लावली. नोंदी साध्या आहेत. ‘पुलाजवळचा सुतार, सोया सॉस पाच गो’, असे. दहा गो मिळून एक शो होतो आणि एक शो म्हणजे सुमारे १.८ लिटर, तेव्हा या सुताराने बाटलीभर सोया सॉस नेला. बहुतेक नोंदींच्या डोक्यावर एक तिरपी रेघ मारलेली आहे. ही रेघ म्हणजे नोंद पडताळली किंवा रक्कम मिळाली, अशी खूण. माझ्या हिशेबी डोळ्यांना वहीत सगळ्यात बोलकी वाटली ती हीच, कारण रेघ नसलेल्या ओळींवरून बोट फिरवत गेले की कोणाची उधारी तुंबली होती, हे जपानी भाषेचा एक शब्दही न येता कळते. सुताराची तुंबली होती.

रकमा लिहिण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. जपानी लिपीत एक म्हणजे एक आडवी रेघ आणि दहा म्हणजे अधिकचे चिन्ह, तेव्हा एका उभ्या फटकाऱ्यात एकाचे दहा करता येतात. म्हणून महत्त्वाच्या रकमांत एक, दोन, तीन, दहा यांच्यासाठी मुद्दाम गुंतागुंतीची अक्षरे वापरीत. रकमेच्या शेवटी ‘नारी’ असा उच्चार असलेले एक अक्षर घालीत, म्हणजे तिच्यापुढे कोणाला काही वाढवता येऊ नये. आपण धनादेशावर ‘फक्त’ लिहितो, तेच काम. (घरात हे सांगितल्यावर, हिशेबाच्या शेवटी नारीच असायची, अशी टिप्पणी झाली, ती येथे नोंदवतो.) आपल्या हुंडीत रकमेबरोबर तिची निम्मी रक्कम लिहून ‘याची दुप्पट’ असे नमूद करण्याची पद्धत होती, तिच्यामागचे भयही हेच. लबाडी सगळीकडे सारखीच, बंदोबस्त मात्र जो तो आपापल्या लिपीप्रमाणे करतो.

या वहीतली माझी सर्वांत आवडती जागा शेवटाकडे आहे. अकरा महिने ठाशीव अक्षरांत भरलेले आहेत. मग बाराव्या महिन्याचा मथळा येतो, त्याखाली पहिला दिवस, दुसरा दिवस, आणि वही थांबते. पुढचे बंद कोरे. दुकान बुडाले असावे किंवा मालक वारला असावा, असे आम्हांला आधी वाटले. तसे काही नव्हते. जपानात तोवर आपल्यासारखेच चांद्रसौर पंचांग होते, आपल्यासारखाच अधिक महिनाही येई. मेइजी सरकारने पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारण्याचे ठरवले आणि पाचव्या वर्षाच्या बाराव्या महिन्याचा तिसरा दिवस हाच १ जानेवारी १८७३ असल्याचे जाहीर केले. घोषणा आणि अंमल यांत महिन्याभराचेही अंतर नव्हते. त्या वर्षीचा डिसेंबर दोन दिवसांचा झाला. येणाऱ्या वर्षात जुन्या पंचांगाप्रमाणे अधिक महिना होता आणि नोकरांना तेरा पगार द्यावे लागले असते, ते टळले आणि दोन दिवसांच्या डिसेंबरचा पगारही वाचला, असे त्या वेळचे एक प्रमुख मंत्री ओकुमा शिगेनोबु यांनीच पुढे आपल्या आठवणींत सांगितले आहे. सरकारची तिजोरी वाचली, पण ज्या दुकानदारांची वर्षाची वसुली अखेरच्या दिवसावर बेतलेली होती, त्यांचे काय झाले असेल, ते माझ्या वहीच्या त्या पानावर दिसते. अकराव्या महिन्याच्या नोंदींपैकी कित्येकींच्या डोक्यावर तिरपी रेघ नाही. ती बाकी पुढच्या वहीत ओढली गेली असणार, आणि ती वही आता कुठे आहे, कोण जाणे. कोऱ्या राहिलेल्या बंदांवर मात्र नंतर कोण्या मुलाने कुंचल्याने अक्षरे गिरवली आहेत, एकच अक्षर पंधरा वेळा, शेवटची तीन बरी.

आता मी विचारतो, हे सारे एका पानावर कसे कळणार? मुखपृष्ठ नसेल तर वर्ष नाही. मलपृष्ठ नसेल तर दुकान नाही. महिन्याचा मथळा दर पानावर नसतो, तो महिना सुरू होताना एकदाच येतो, तेव्हा मधले पान काढून घेतले की त्यावरचा ‘सातवा दिवस’ कोणत्या महिन्याचा, ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. ‘मागील पानावरून पुढे’ हे शब्द ज्याने आयुष्यभर लिहिले, त्याला हे पटवून द्यावे लागत नाही. पण चित्र म्हणून पाने विकत घेणाऱ्यांच्या ध्यानात ते येत नसावे. आणि कोरी पाने किंवा पोराने गिरवलेली पाने तर सजावटीसाठी कुचकामी म्हणून विक्रेता सर्वांत आधी फेकून देतो.

दुसऱ्या वहीची कथा वेगळी आहे. पहिलीने चटक लावल्यामुळे मी दुसरी ऑनलाइन लिलावातून मागवली. कोणाकडून, ते सांगण्यात अर्थ नाही, असे विक्रेते पुष्कळ आहेत. ‘एदो काळातील संपूर्ण हिशेबवही, सामुराईच्या घराण्यातील’, असे वर्णन होते. (एदो काळ म्हणजे मेइजीच्या आधीची शोगुनांची राजवट.) आले ते बावीस सुटे तुकडे, प्लास्टिकच्या पिशवीत. बांधणीच्या कडेला धारदार पात्याने कापलेले आणि दुमडलेले बंद घडीवर चिरून एकाचे दोन केलेले, म्हणजे पानांची संख्या दुप्पट. सामुराईचा काही संबंध नव्हता. ते कापसाच्या सुताचे हिशेब होते आणि रकमा येन, सेन व रिन यांत मांडलेल्या होत्या. येन हे चलनच १८७१ च्या कायद्याने आले, तेव्हा एदो काळ १८६८ साली संपल्यावर ते पान लिहिले गेले, हे सांगायला तज्ज्ञ नको. पैसे परत मिळाले नाहीत.

घेणाऱ्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून याबाबत थोडे अधिक सांगतो. जुन्या रकमा रयो, बु आणि शु यांत असतात. चार शुंचा एक बु, चार बुंचा एक रयो. हे झाले सोन्याचे नाणे, ते पूर्वेकडे एदोत चाले. ओसाका आणि पश्चिमेकडे चांदी चाले, आणि ती मोजून नव्हे तर तोलून, मोम्मे या वजनात. एक मोम्मे म्हणजे ३.७५ ग्रॅम, आणि मोत्यांच्या व्यापारात हे माप आजही वापरतात. तांब्याची सुटी नाणी ती मोन. सरकारी दर काही असो, प्रत्यक्ष भाव रोज बदले आणि त्यावर सराफांच्या पेढ्या जगत. पेशवाईत अंकुशी, चांदवडी अशा निरनिराळ्या रुपयांवर सराफ जो बट्टा घेत, त्याची आठवण व्हावी. चांदी तोलून हिशेब ठेवण्याची पद्धत १८६८ मध्ये सरकारने बंद केली. म्हणून रकमा मोम्मेत असतील तर वही बहुधा त्याआधीची, येनमध्ये असतील तर १८७१ नंतरची, आणि मुखपृष्ठावर तेन्पो, काएई, आन्सेई, केइओ यांपैकी एखाद्या राजशकाचे नाव असेल तर ती निश्चितच एदो काळातली. तेन्पो १८३० ते १८४४, केइओ १८६५ ते १८६८. मेइजी १९१२ पर्यंत चालतो, आणि बाजारात ज्यांना सर्रास एदोच्या म्हणतात, त्यांतल्या पुष्कळ वह्या मेइजी किंवा त्याहून नंतरच्या असतात. नंतरची वही कमी प्रतीची, असे मात्र नव्हे. १८९३ साली जपानच्या निप्पॉन युसेन काइशा या कंपनीने टाटांच्या सहकार्याने मुंबईला जहाजांची नियमित फेरी सुरू केली, ती मुख्यतः ओसाकाच्या गिरण्यांना कापूस नेण्यासाठी. तेव्हा त्या काळातल्या सुताच्या वहीत मुंबईच्या कापसाचा उल्लेख निघणे अशक्य नाही. माझ्या बावीस तुकड्यांत तो मी फार शोधला. सापडला नाही, पण बाकीचे तुकडे ज्यांच्या भिंतीवर आहेत, त्यांच्याकडे नसेलच असे कोणी सांगावे?

पुरवणीतल्या लेखात एक गोष्ट मात्र बरोबर होती आणि ती मान्य केली पाहिजे. जुन्या वह्या फाडून वापरण्याची रीत जपान्यांचीच आहे. कागद महाग होता, तो कोणी टाकत नसे. वहीची मुदत संपली की तिची पाने सरकत्या दारांच्या आत अस्तर म्हणून चिकटवीत, टोपल्यांना लावीत, आणि गरीब लोक तर कागदाच्या पट्ट्या कापून, त्या पिळून सूत करीत आणि त्याचे कापड विणीत. शिफू नावाच्या या कापडात शाईचे करडे ठिपके दिसतात, ते कोण्या दुकानाच्या येण्याचे असतात. मग आज कोणी दिव्याला चिकटवली तर काय बिघडले, असा प्रश्न येऊ शकतो.

बिघडते ते असे. त्यांनी वापरली तेव्हा ती रद्दी होती आणि तशा वह्या प्रत्येक दुकानात दरवर्षी नव्याने तयार होत होत्या. आता एकही नवी तयार होणार नाही. शिवाय ज्या दारांत ती पाने चिकटवली, ती दारे पुष्कळदा जशीच्या तशी राहिली आणि त्यांतून इतिहास निघाला. नोतो द्वीपकल्पातील वाजिमा येथील तोकिकुनी घराण्याचे उदाहरण जपानी इतिहासकारांत प्रसिद्ध आहे. इतिहासकार अमिनो योशिहिको आणि कानागावा विद्यापीठातील त्यांचे सहकारी यांनी या घराण्याच्या वाड्यांतील कागद तपासले, तेव्हा दारांच्या अस्तरातून निघालेल्या कागदांनी एक निराळेच चित्र समोर आणले. सरकारी दप्तरात ज्याची नोंद भूमिहीन म्हणून होती, तो माणूस प्रत्यक्षात जहाजांचा मोठा व्यापारी निघाला. जमीन नव्हती, कारण जमिनीची त्याला गरजच नव्हती. जपान म्हणजे भात पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा देश, या ठाम समजुतीला अशा कागदांनी तडा दिला. नीट जपलेल्या दप्तरात जे नव्हते, ते रद्दीत होते. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात त्या घराण्याच्या दोन शाखांपैकी एकीचा ऐतिहासिक वाडा कोसळला. ते कागद आधीच अभ्यासून झाले होते, हे नशीब.

अशा आपत्तींत खासगी घरांतले कागद वाचवण्यासाठी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर जपानमधल्या इतिहासाच्या अभ्यासकांनी एक संघटित काम सुरू केले, आणि २०११ च्या त्सुनामीनंतर चिखलात माखलेली दप्तरे धुऊन, वाळवून वाचवण्यात आली. धुऊन हा शब्द चुकून पडलेला नाही. हा कागद तुतीच्या जातीच्या कोझो या झाडाच्या अंतर्सालीचा असतो. साल राखेच्या पाण्यात शिजवून कुटतात, आणि लगद्यात भेंडीच्या कुळातल्या एका झाडाच्या मुळाचा चिकट रस घालतात, त्यामुळे लांब लांब तंतू गुठळ्या न होता पाण्यात सारखे पसरतात. शाई काजळी आणि सरस यांची, आपल्या बोरूच्या शाईची जवळची नातेवाईक. काजळी उडत नाही, फिकी पडत नाही. एदोत आगी इतक्या लागत की आग दिसताच दुकानदार हिशेबवह्या विहिरीत टाकून पळत आणि आग विझल्यावर त्या बाहेर काढून वाळवत, असे सांगतात. आजच्या इबाराकी प्रांतातल्या निशिनोउची कागदाला एदोत आणि शिमाने भागातल्या सेकिशू कागदाला ओसाकात व्यापाऱ्यांची पसंती होती, ती या गुणामुळेच. सेकिशूची कागद करण्याची परंपरा २००९ साली युनेस्कोच्या यादीत आली, आणि २०१४ साली मिनो आणि होसोकावा या आणखी दोन कागदांच्या परंपरा तिच्या जोडीला आल्या. जो कागद आग आणि पाणी यांतून वाचला, तो सजावटीच्या कात्रीखाली जावा, याचे मला वाईट वाटते. माल जळला तर पुन्हा भरता येतो, पण कोणाकडून किती येणे आहे, हे जळले तर दुकान बसते, हे त्या माणसांना कळत होते.

वाचता येत नाही, म्हणून चित्रासारखे वापरायचे, असाही एक युक्तिवाद ऐकला. या वह्यांतले वळणदार अक्षर, कुझुशिजी, आज बहुसंख्य जपान्यांनाही वाचता येत नाही. एकाच उच्चाराची अनेक अक्षरे प्रचारात होती, १९०० साली शाळांसाठी त्यांतले एकेकच रूप ठरवले गेले आणि पुढच्या पिढ्यांना आजोबांचे हिशेब परके झाले. मोडीच्या बाबतीत आपले जे झाले, ते वाचकांना सांगायला नको. परंतु परिस्थिती बदलते आहे. जुने कागद सर्वसामान्यांनी मिळून वाचावेत, यासाठी २०१७ पासून तिथे एक इंटरनेट उपक्रम चालू आहे, त्याची सुरुवात जुन्या भूकंपांच्या नोंदींपासून झाली. २०२१ मध्ये मोबाइलचा कॅमेरा धरला की ही अक्षरे आजच्या लिपीत दाखवणारे ‘मिवो’ नावाचे मोफत साधन निघाले. आम्ही वापरले ते हेच. ते चुकते, विशेषतः दुकानदाराच्या घाईच्या अक्षराला फार चुकते, पण पूर्ण वही समोर असेल तर एका पानावरची चूक दुसऱ्या पानावरच्या त्याच शब्दाने सुधारता येते. सुट्या पानावर तेही साधन आंधळे होते.

म्हणून ज्यांना संग्रह करायचा आहे, त्यांनी तो जरूर करावा, पण पूर्ण वही घ्यावी. विक्रेत्याकडे आधी मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि बांधणीची कड यांची छायाचित्रे मागावीत. ती द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याने वही कापलेली आहे असे समजावे. माझी पहिली वही तीन हजार येनांना मिळाली, म्हणजे हा काही श्रीमंतांचाच छंद नव्हे. घरी आल्यावर ती प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवावी, नाहीतर किडा आपल्या कपाटातल्या इतर पुस्तकांत जातो, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. आपल्या पावसाळ्यात ती सुती फडक्यात बांधून ठेवावी आणि दसऱ्यानंतर सावलीत वारा द्यावा. आपल्या जुन्या दप्तरांचे रुमाल याच रीतीने टिकले. आणि ज्यांच्या माळ्यावर स्वतःच्या पणजोबांच्या मोडीतल्या वह्या आहेत, त्यांनी जपानी वहीवर पैसे खर्च करण्याआधी माळ्यावर एकदा चढून पाहावे, हेही जाता जाता सुचवतो.

राहिली माझी बावीस तुकड्यांची गोष्ट. कापलेल्या पानांवर क्रमांक नव्हते, त्यामुळे त्यांचा क्रम लावण्याचा प्रश्न होता. तो किड्याने सोडवला. कागद पोखरणारी अळी एका पानावर थांबत नाही, ती वहीच्या जाडीतून आरपार बोगदा करत जाते आणि प्रत्येक पानावर तिचे छिद्र केसभर सरकलेले असते. मी पाने उजेडासमोर धरून छिद्रे जुळवत गेलो, आणि सहा आठवड्यांत बावीसच्या बावीस तुकडे ओळीने लागले. अकराव्या आणि बाराव्या तुकड्याच्या मध्ये मात्र छिद्र एकदम अर्धा इंच सरकते, म्हणजे तिथली बरीच पाने दुसऱ्या कोणाला विकली गेली आहेत, आणि वर्षाची मधली बेरीज नेमकी तिथेच असणार. आपल्या वाचकांपैकी कोणी गेल्या दोन वर्षांत अशी सुटी जपानी पाने सजावटीसाठी घेतली असतील, त्यांवर सुताच्या गाठोड्यासारखी गोल मोहोर असेल आणि डाव्या खालच्या कोपऱ्याजवळ एक मोठे व त्याच्या वर दोन लहान अशी छिद्रे असतील, तर त्यांनी कृपया पानाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून आपल्या कार्यालयामार्फत माझ्याकडे पाठवावे. पान परत नको. चौकटीतून काढायचीही गरज नाही, मागचा पुठ्ठा तेवढा बाजूला सारावा लागेल.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त हिशेबनीस
सांगली